विष्णू नावाची माणसं

विष्णुशास्त्री म्हटलं की आज मराठी माणसाला चिपळूणकर आठवतात. निबंधमाला, न्यू इंग्लिश स्कूल, केसरी ही सगळी मालिका त्या एका नावामागून येते. पण १८७० साली पुण्यात कुणी ‘विष्णुशास्त्री आलेत’ असं म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वेगळाच गृहस्थ उभा राहिला असता. चिपळूणकर तेव्हा कॉलेजात शिकत होते. ज्यांच्या नावाने वाड्यावाड्यांतून वाद पेटले होते, ते होते विष्णू परशुरामशास्त्री पंडित.

पंडितांचा जन्म १८२७ सालचा, वाईजवळच्या बावधनचा. शास्त्राध्ययन झालेलं, इंग्रजीही येत होतं. शिक्षणखात्यातली नोकरी सोडून ते मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’च्या मराठी बाजूचे संपादक झाले. ईश्वरचंद्र विद्यासागरांचं विधवाविवाहावरचं पुस्तक त्यांनी मराठीत आणलं आणि १८६६ साली विधवाविवाहोत्तेजक मंडळ उभं केलं. पुढच्या तीन-चार वर्षांत जे घडलं ते धाडसाचं होतं. १८६९ साली मंडळाच्या पुढाकाराने वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचं लग्न लागलं, आणि रानड्यांसह पुढाऱ्यांवर ग्रामण्याचा, म्हणजे जातिबहिष्काराचा, बडगा आला. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे शास्त्रार्थ भरला. सुधारकांच्या बाजूने शास्त्रवचनांचा मारा सांभाळला तो विष्णुशास्त्र्यांनी. निकाल विरोधात गेला.

निकाल विरोधात गेल्यावरही त्यांनी वाद सोडला नाही. पहिली पत्नी निवर्तल्यावर त्यांनी एका विधवेशी लग्न केलं. हे नुसतं चरित्रातलं कलम म्हणून वाचू नये. १८७३ साली खुद्द न्यायमूर्ती रानडे विधुर झाले, तेव्हा वडिलांच्या शब्दापुढे त्यांना अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करावं लागलं आणि त्यांच्यावर पुढे आयुष्यभर त्यावरून बोलणी ऐकण्याची पाळी आली. रानड्यांना जे साधलं नाही, ते बावधनच्या या शास्त्रीबुवांनी करून दाखवलं. १८७६ साली ते गेले.

त्याआधी दोनच वर्षं, १८७४च्या जानेवारीत, ‘निबंधमाला’ सुरू झाली होती. तिच्या चौऱ्याऐंशी अंकांनी मराठी गद्याला जो ताठ कणा दिला, त्याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण त्याच मालेत लोकहितवादींवर आणि जोतीराव फुल्यांवर जे प्रहार झाले, ते सुधारणेच्या सगळ्या चळवळीला लागले. चिपळूणकर १८८२ साली, वयाची बत्तिशीही पुरी न करता गेले. तोवर शाळा, दोन वृत्तपत्रं, आर्यभूषण छापखाना आणि चित्रशाळा असा संसार उभा राहिला होता. त्या संस्था टिकल्या, वाढल्या, आणि आपल्या संस्थापकाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिल्या. पंडितांचं मंडळ तसं टिकलं नाही. नाव एकच, बिरुद एकच. मग स्मृतीने एक माणूस ठेवला आणि दुसरा पुसला. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता आणि सुधारकांचा कठोर टीकाकार, अशी ही दोन परस्परविरोधी माणसं. यांतला कोण राहिला आणि कोण गेला, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. २०२७ साली महात्मा फुल्यांच्या जन्माला दोनशे वर्षं होतील. त्याच वर्षी पंडितांच्याही जन्माला दोनशे होतील. त्यांच्या लेखांचा एक नीट संपादित संग्रह त्या निमित्ताने निघाला, तरी बरंच ऋण फिटेल.

या दोघांपासून सुरुवात केली आणि मग मला जिकडेतिकडे विष्णूच दिसू लागले. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात काही नवं सुरू झालं आणि तिथे कुणी विष्णू नव्हता, असं फार थोड्या वेळा झालं आहे. कारण उघड आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची चाल होती, त्यामुळे घराण्यात तीच चार-सहा नावं आलटून पालटून यायची. गावातही तीच. मग ओळख पटवायची ती शेपटाने. भिक्षुकी करणारा विष्णुभट, संस्कृत पढलेला विष्णुशास्त्री, कारकुनी-कारभारातला विष्णुपंत, कीर्तनकार किंवा वारकरी विष्णुबुवा. एवढं सांगितलं की गावाला पुरत असे. छापील पुस्तकांच्या जगात आल्यावर मात्र ही शेपटं गळाली आणि आद्याक्षरं आली. ‘वि.’ म्हणजे विष्णू, की सावरकरांसारखा विनायक, की राजवाड्यांसारखा विश्वनाथ, की महर्षी शिंद्यांसारखा विठ्ठल, हे आता ज्याचं त्याने ओळखावं. आणखी एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी. या यादीत बहुतेक नावं पांढरपेशा, त्यातही ब्राह्मण घरांतली आहेत. कागद आणि छापखाना ज्यांच्या हाती होता त्यांची नावं उरली. नांगरामागच्या, मागावरच्या विष्णूंची नोंद कुणी ठेवली नाही.

१८५७ या एका वर्षाकडे पाहिलं तर दोन विष्णू दोन टोकांना दिसतात. दोघेही आजच्या रायगड जिल्ह्यातले, दोघांच्या वयात जेमतेम दोन-तीन वर्षांचं अंतर. शिरवलीचे विष्णू भिकाजी गोखले, म्हणजे विष्णुबावा ब्रह्मचारी, त्या वर्षी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. कस्टम खात्यातली नोकरी टाकून संन्यस्त वृत्तीने निघालेला हा माणूस वेदांचा अभिमानी होता, आणि तरीही १८६७ साली त्याने ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून सगळी जमीन सर्वांच्या मालकीची, सगळं धान्य एका कोठारातलं, असं राज्य कल्पिलं. दुसरे वरसईचे विष्णुभट गोडसे. घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल, या आशेने बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञासाठी उत्तरेकडे निघाले, आणि बंडाच्या वणव्यात सापडून झाशीच्या वेढ्यात राणीच्या किल्ल्याखाली अडकले. परत आले ते लुटले जाऊन, खांद्यावर गंगाजलाची कावड घेऊन. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला. मराठीतलं इतकं निर्मळ गद्य एका भिक्षुकाने लिहिलं आहे आणि झाशीच्या त्या दिवसांचा इतका जवळचा मराठी साक्षीदार दुसरा नाही.

तुकोबांच्या संदर्भात तर तीन विष्णू एकामागून एक येतात. तुकारामाच्या गाथेची सरकारी मदतीने निघालेली पहिली मोठी आवृत्ती इंदुप्रकाश छापखान्यातून दोन खंडांत, १८६९ आणि १८७३ साली आली. तिचे एक संपादक शंकर पांडुरंग पंडित, आणि दुसरे आपले विष्णू परशुरामशास्त्री पंडित. म्हणजे ज्या वर्षी ते करमरकरांचं लग्न लावत होते, त्याच वर्षी तुकोबांच्या अभंगांचे पाठही पडताळत होते. पुढे त्या गाथेचा अर्थ सामान्य वारकऱ्याला उलगडून सांगितला तो विष्णुबुवा जोगांनी. तालमीत कमावलेलं शरीर, ब्रह्मचर्य, आणि शिकवण्याची विलक्षण तळमळ. १९१७ साली आळंदीत त्यांनी वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि फडांपुरती राहिलेली विद्या कुणाही जिज्ञासू मुलाला खुली झाली. सोनोपंत दांडेकर हे त्यांचेच शिष्य. आणि तिसरे विष्णुपंत पागनीस. नाटकात स्त्रीभूमिका करणारा हा नट १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबा झाला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. एकाने पाठ शोधले, एकाने अर्थ सांगितला, एकाने तुकोबांचा चेहरा लोकांना दाखवला. आज कुणाच्या मनात तुकोबांची मूर्ती आली, तर ती बहुधा पागनीसांसारखीच येते.

कृष्णाकाठच्या लहानशा टापूची, सांगली, मिरज, कुरुंदवाडची, गोष्ट याहून दाट आहे. ही पटवर्धनांची संस्थानं. १८४३ साली सांगलीच्या चिंतामणराव अप्पासाहेबांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात झाली. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याचाच. अप्पासाहेब १८५१ साली गेले, राजाश्रय आटला, तेव्हा भाव्यांनी मुंबई गाठली आणि १८५३ साली तिकीट लावून खेळ केले. कुरुंदवाडला अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे घोडे फिरवण्यात पटाईत. परदेशी सर्कस पाहून ते पेटले आणि १८८०च्या सुमाराला त्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. केरळातल्या तलश्शेरीला त्यांचा तंबू पडला तेव्हा तिथले कीलेरी कुंञिकण्णन त्यांना भेटले, आणि पुढे त्यांच्या तालमीतून केरळातली सर्कस वाढली. पण छत्र्यांचं मन दुसरीकडेही गुंतलं होतं. ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे ते गाणं शिकले होते. गुरूचा मुलगा रहिमतखाँ भ्रमिष्टासारखा वणवण हिंडत होता, त्याला शोधून त्यांनी आपल्याजवळ ठेवलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. रहिमतखाँचे शेवटचे दिवस कुरुंदवाडलाच गेले. एका सर्कसवाल्याच्या ममतेने हा आवाज जगला, हे आपल्या संगीताच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिलं जायला हवं.

त्याच कुरुंदवाडात १८७२ साली विष्णू दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झाली, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं गेलं. पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं: १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय, मग मुंबई, कर्जात गेलेली इमारत, नाशिकचा रामनामाचा आधार, १९३१ साली मिरजेत मृत्यू. आणि त्यांचे समकालीन, बारा वर्षांनी मोठे, वाळकेश्वरला जन्मलेले वकील विष्णू नारायण भातखंडे. देशभर हिंडून उस्तादांकडून चिजा मिळवणारे, दहा थाटांत राग बसवणारे, १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवणारे. या दोन विष्णूंनी हिंदुस्थानी संगीत घराण्यांच्या ओसरीवरून शाळेच्या बाकापर्यंत आणलं. एकमेकांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. भातखंड्यांना शास्त्र हवं होतं, पलुस्करांना भक्ती आणि प्रचार. भातखंड्यांनी तर आपली काही पुस्तकं टोपणनावांनी लिहिली, त्यांतलं ‘चतुर पंडित’ हे प्रसिद्धच आहे. त्यांच्या बंदिशींतही ‘चतुर’ हीच मुद्रा येते.

संगीताच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलामुलीला हे दोघे वहीत शेजारी शेजारी भेटतात, कारण दोघांची स्वरलिपी वेगळी आहे आणि दोन्ही लिहून दाखवाव्या लागतात. स्वरावर टिंब दिलं तर भातखंड्यांच्या पद्धतीत तो तार सप्तकाचा; तेच टिंब पलुस्करांच्या पद्धतीत मंद्राचं. भातखंडे कोमल स्वराखाली आडवी रेघ ओढतात, पलुस्कर पाय मोडतात. समेला भातखंड्यांची फुली, पलुस्करांचा एकचा आकडा. खालीला भातखंड्यांचं शून्य, पलुस्करांचं अधिक चिन्ह. नवख्या विद्यार्थ्याने एकाची खूण दुसऱ्याच्या ओळीत घातली की आख्खं सप्तक खालीवर होतं. मला वाटतं, भातखंड्यांची लिपी सोपी म्हणून जिंकली. पलुस्करांची मात्रांच्या हिशेबात अधिक काटेकोर आहे, आणि तालाचा सूक्ष्म अभ्यास करणाऱ्याने ती टाकून देऊ नये.

नावांच्या गल्लतीने काव्याचंही नुकसान केलं आहे. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा याने ओव्यांत महाभारत रचलं. सहीला ‘नामा’ येतो, म्हणून त्याचे अभंग संत नामदेवांच्या गाथेत शिरले आणि नामदेवांचं खरं काव्य कोणतं, हा प्रश्न संशोधकांना आजवर छळतो. महाभारताच्याच वाटेवर आणखी एक विष्णू आहेत: विष्णू सीताराम सुकथनकर. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला भाषाशास्त्र शिकून आलेले सुकथनकर १९२५ साली भांडारकर संस्थेत चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. काश्मीरपासून मल्याळी लिपीपर्यंतच्या पोथ्या ताडून त्यांनी १९३३ साली आदिपर्व पुरं केलं. १९४३ साली ते गेले तेव्हा काम अर्ध्यावर होतं, पण पद्धत त्यांचीच राहिली. पोथ्यांच्या जगाबाहेरचेही एक विष्णू इथे आठवतात: तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे, अमेरिकेहून गदर पक्षाचा निरोप घेऊन आलेले, मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बाँबसह पकडले गेलेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर त्यांना फाशी झाली. पंजाबात त्यांची आठवण निघते. महाराष्ट्रात किती निघते?

शेवटी दोन विष्णू असे, जे जन्माने विष्णू नव्हतेच. मराठीला पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली ‘ययाति’साठी वि. स. खांडेकरांना मिळालं, दुसरं १९८७ साली वि. वा. शिरवाडकरांना. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले ते गणेश आत्माराम म्हणून. चुलत्यांना दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. शिरवाडकर १९१२ साली पुण्यात जन्मले ते गजानन रंगनाथ म्हणून. तेही दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. दोघांच्या पाळण्यातलं नाव गणपतीचं, दोघांच्या दत्तकविधीतलं नाव विष्णूचं. दत्तकाने माणसाचं नाव, बापाचं नाव, कधी घर आणि गावही बदलत असे, आणि त्या काळच्या कित्येक मुलांनी हे निमूट पत्करलं. खांडेकरांनी ते नाव आयुष्यभर मिरवलं. शिरवाडकरांनी कवितेपुरतं तिसरं नाव स्वतः निवडलं, धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून. नाटकांवर मात्र वि. वा. शिरवाडकर हेच छापत राहिले. ‘विशाखा’चा कवी आणि ‘नटसम्राट’चा नाटककार हे दोन वेगळे लेखक आहेत, असं समजणारे वाचक म्हणूनच अजूनही भेटतात.