सापेक्ष वंचितता आणि नियंत्रणाची जाणीव

आपल्याजवळ किती आहे यापेक्षा आपल्यासारख्याच दुसऱ्याला किती मिळाले, यावरून निर्माण होणाऱ्या उणेपणाच्या जाणिवेला समाजशास्त्रात ‘सापेक्ष वंचितता’ म्हणतात. पनवेल परिसरात ती थेट सातबाऱ्याशी जोडलेली आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोच्या नवी मुंबईसाठी ज्याची जमीन गेली, त्याला १९८४च्या प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावल्यानंतर कधीतरी साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला, तर नवी मुंबई विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना पुढे साडेबावीस टक्के देऊ करण्यात आले. एकाच भावकीतील दोन शेतांना असे दोन दर लागले, की हाती आलेला भूखंड मोलाचा असूनही डावलले गेल्याचे शल्य उरते, आणि त्याला केवळ हेवा म्हणणे अन्यायाचे आहे.

ज्युलियन रॉटर यांनी १९६६मध्ये मांडलेले ‘नियंत्रणकेंद्र’, म्हणजे आयुष्यातील घडामोडी आपल्या कृतीने ठरतात की बाहेरच्या शक्तींनी याविषयीची धारणा, येथे ध्यानात घ्यावे लागते. संपादनाची अधिसूचना, भूखंडाची सोडत, ताब्याची तारीख हे सारे परस्पर ठरत असेल, तर आपल्या हाती काही नाही ही धारणा अनुभवातून निघालेला रास्त निष्कर्षच ठरते. विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे यासाठी २०२१मध्ये उभ्या राहिलेल्या आंदोलनाने मोबदल्याचा दर वाढणार नव्हता, तरीही निदान नाव तरी आपल्या म्हणण्याने ठरावे म्हणून गावेच्या गावे रस्त्यावर उतरली.