बी-५२ : पंखांचे वय आणि इंजिनांचे वय

ऑक्टोबर १९६२. क्युबातील क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर उभे होते. त्याच महिन्यात अमेरिकेतील विचिटा येथील बोइंगच्या कारखान्यातून शेवटचे बी-५२ बॉम्बफेकी विमान हवाई दलाच्या ताब्यात गेले. एकूण ७४४ विमाने बांधून उत्पादन थांबले. त्यांपैकी शेवटच्या, म्हणजे ‘एच’ प्रकारातली ७६ विमाने आज सेवेत आहेत आणि ती २०५० नंतरही उडवण्याचा अमेरिकेचा बेत आहे. तोवर त्यांतील सर्वांत तरुण विमानाची नव्वदी जवळ आलेली असेल.

आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्यांनी हेच विमान उडवल्याच्या कथा वर्तमानपत्रांना फार आवडतात. माझे कुतूहल वेगळे आहे. यंत्र इतके टिकते कसे, आणि टिकवायला काय मोजावे लागते?

आपल्याकडे एसटीच्या कार्यशाळांमध्ये जुन्या चॅसीवर नवी बॉडी चढवतात. भार चॅसी पेलते. वरचा पत्रा बदलला तरी चालते. विमानाला अशी वेगळी चॅसी नसते. त्याचा पत्रा स्वतःच भार वाहतो, पंखाचा तर विशेषच. उड्डाणात पंख वर वाकतात, जमिनीवर इंधनाच्या वजनाने खाली झुकतात. बी-५२ चे पंख इतके लांब आणि लवचिक आहेत की ते टेकू नयेत म्हणून टोकांजवळ छोटी चाके बसवलेली आहेत. लोखंडी तार वाकवून-वाकवून तोडतो, तसेच धातूचे इथे होते. प्रत्येक हेलकाव्यागणिक सूक्ष्म भेगा वाढतात. म्हणून विमानाचे खरे वय वर्षांत नव्हे, उड्डाणाच्या तासांत आणि सोसलेल्या हिसक्यांत मोजायचे असते.

हे हिसके काय करू शकतात ते १९६० च्या दशकात दिसले. सोव्हिएत क्षेपणास्त्रे उंचावरचे विमान पाडू लागली, तेव्हा उंचीसाठी बनवलेल्या बी-५२ ला रडार चुकवण्यासाठी जमिनीलगत उडवायचे ठरले. खालची हवा खडबडीत असते. जानेवारी १९६४ मध्ये बोइंगचे चाचणी वैमानिक चक फिशर नेमका याच धक्क्यांचा अभ्यास करत असताना त्यांच्या विमानाचे उभे शेपूट जवळजवळ पूर्ण तुटून गेले. तरीही त्यांनी विमान सुखरूप उतरवले. पुढे ताफ्याच्या सांगाड्याची मोठी मजबुतीकरणे झाली.

मग तास शिल्लक कसे राहिले? उत्तर थोडे विचित्र आहे. शीतयुद्धाचा बराच काळ ही विमाने उडण्याऐवजी उभी राहिली. अण्वस्त्रे भरून, वैमानिक शेजारच्या इमारतीत झोपवून, काही मिनिटांत झेपावण्याच्या तयारीत ती धावपट्टीशेजारी ताटकळत. सप्टेंबर १९९१ मध्ये ही व्यवस्था मोडली. ‘एच’ प्रकारात आयुष्याची मर्यादा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाने ठरते. ती साधारण ३२,५०० ते ३७,५०० तासांची धरली आहे, आणि बहुतेक विमाने अजून तिच्या बरीच अलीकडे आहेत. महायुद्ध झाले नाही, म्हणून पंख वाचले. व्हिएतनामच्या लोकांना मात्र या विमानाचे दीर्घायुष्य कौतुकाचे वाटण्याचे कारण नाही. डिसेंबर १९७२ मध्ये हनोईवर याच जातीच्या विमानांनी बॉम्ब टाकले आणि त्या मोहिमेत १५ बी-५२ पाडली गेली.

पंख टिकले, बाकीचे सगळे मात्र म्हातारे झाले. इंजिनांचे पाहा. प्रत्येक विमानावर प्रॅट अँड व्हिटनीची टीएफ-३३ जातीची आठ इंजिने आहेत आणि त्यांचे उत्पादन १९८५ मध्ये बंद पडले. सुटे भाग जुन्या साठ्यांतून शोधायचे किंवा थोडक्या संख्येत महागात घडवून घ्यायचे. जानेवारी २०१७ मध्ये नॉर्थ डकोटात एका विमानाचे एक इंजिन उड्डाणातच निखळून पडले. उरलेल्या सातांवर ते उतरले.

सप्टेंबर २०२१ मध्ये रोल्स-रॉइसच्या एफ-१३० ची निवड झाली. हे इंजिन मुळात श्रीमंतांच्या खासगी जेटमधले. इंधनात सुमारे ३० टक्के बचत अपेक्षित आहे. सामान्य वाचकाला प्रश्न पडेल, आजची इंजिने इतकी ताकदवान असताना आठाऐवजी मोठी चार का नाहीत? १९९० च्या दशकात बोइंगने तसे सुचवलेही होते. अडचण अशी की पंखाच्या टोकाकडचे मोठे इंजिन बंद पडले तर विमान जोराने एका बाजूला वळू लागते, आणि बी-५२ चे दिशा सांभाळणारे सुकाणू अरुंद आहे. चार इंजिनांसाठी शेपूट बदलायचे, त्यासाठी मागचा सांगाडा तपासायचा, आणि मोठी इंजिने जमिनीपासून किती वर राहतात तेही पाहायचे. म्हणून पुन्हा आठच, जोडी-जोडीने.

इतके सांभाळूनही काम सरळ झालेले नाही. नव्या इंजिनांच्या तोंडाशी हवेचा प्रवाह हवा तसा सारखा येत नसल्याचे आढळले आणि हवा आत घेणाऱ्या भागाची रचना सुधारावी लागली. नवी इंजिने लावलेली विमाने आता २०३३ च्या सुमारास सेवेत येतील, म्हणजे ठरल्यापेक्षा तीनेक वर्षे उशिरा. नाकातले रडार बदलण्याच्या कामातही खर्च वाढला. जुन्या घरात एक नळ बदलायला गेले की भिंत फोडावी लागते, त्यातला प्रकार.

ताफा लहान असल्याने एखादे विमान गमावले तर नवे मिळत नाही. मग ॲरिझोनाच्या वाळवंटातील डेव्हिस-मॉन्थन तळाकडे वळावे लागते. तिथल्या कोरड्या हवेत निवृत्त विमाने ठेवतात. शस्त्रकपातीच्या करारानंतर याच तळावर ३६५ बी-५२ उंचावरून पाडलेल्या जड पात्याने कापली होती आणि तुकडे सोव्हिएत, पुढे रशियन, उपग्रहांना दिसावेत म्हणून उघड्यावर ठेवले होते. तिथूनच ‘घोस्ट रायडर’ २०१५ मध्ये आणि ‘वाइज गाय’ २०१९ मध्ये उडवून परत आणली गेली.

शत्रूच्या आधुनिक हवाई संरक्षणात शिरण्याची कुवत मात्र यातून येत नाही. बी-५२ दुरून क्षेपणास्त्रे सोडणारा मालवाहू झाला आहे, आणि ते काम त्याला जमते म्हणूनच तो उरला. त्याच्यानंतर आलेली, अधिक चपळ किंवा अदृश्यप्राय असलेली बी-१ आणि बी-२ त्याच्याआधी निवृत्त करण्याची योजना आहे. त्यांची देखभाल महाग आणि संख्या कमी. नवे बी-२१ आणि जुने बी-५२, एवढीच जोडी पुढे चालेल.

हाच हिशेब भारतात उलटा लागला. भारतीय हवाई दलात जग्वार १९७९ पासून आहे आणि आता ते उडवणारा आपला एकटाच देश आहे. त्यांची दिशादर्शन व हल्ल्याची यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुधारली, फ्रान्सकडून निवृत्त सांगाडे सुट्या भागांसाठी मिळवले. पण हनीवेलचे अधिक ताकदीचे इंजिन बसवण्याची योजना २०१९ मध्ये खर्चामुळे बारगळली. विमानांची उरलेली वर्षे आणि इंजिनांची किंमत यांचा मेळ बसेना. जग्वार आजही जुन्याच अडूर इंजिनांवर उडत आहे.