डीजेच्या मेजावरून लॅपटॉपची रजा

नृत्यसमारंभांत तासन्‌तास न तुटणारें संगीत पुरविणारा जो कलावंत, त्यास जगभर ‘डीजे’ म्हणतात. महाराष्ट्रांत या दोन अक्षरांनीं मिरवणुकींतील कर्कश ध्वनिवर्धकांची भिंतच डोळ्यांपुढें उभी राहते. पण तो त्या बिचाऱ्या शब्दाचा दोष नव्हे. मूळ डीजेचें काम मोठें नाजूक आहे. एक गीत सभागृहांत चालूं असतां दुसरें तो हेडफोन लावून एकटाच ऐकतो, त्याची लय पहिल्याशीं जुळवितो, आणि एक केव्हां संपलें व दुसरें केव्हां सुरू झालें हें नाचणाऱ्यांस कळूंहि देत नाहीं. मिनिटाला १२० ठोके पडणाऱ्या गीतांत दोन ठोक्यांमधील अंतर अर्ध्या सेकंदाचें. त्यांत सेकंदाच्या विसाव्या भागाची चूक झाली, तरी दोन तबलजी एकमेकांस अडखळल्यासारखे वाटतात.

पूर्वीं हें काम दोन फिरत्या तबकड्यांवर होई. जपानच्या मात्सुशिता कंपनीनें १९७२ सालीं काढलेलें ‘टेक्निक्स एस्‌एल्‌-१२००’ हें यंत्र त्यासाठीं नांवाजलें. त्याची तबकडी पट्ट्यानें न फिरतां थेट मोटरवर बसविलेली असल्यामुळें बोटानें अडवून सोडतांच ती पुन्हा वेग घेई. पुढें गीतें लॅपटॉपमध्यें जाऊन बसलीं. २००४ सालच्या ‘सेराटो स्क्रॅच लाइव्ह’सारख्या योजनांनीं या चालीला जोर आला. त्यापाठोपाठ ‘कंट्रोलर’ नांवाचें सुटसुटीत उपकरण हौशी लोकांच्या घरीं पोंचलें.

या कंट्रोलरची गंमत अशी कीं, त्यावर दोन चकत्या, सरकत्या खुंट्या, बटनें असा सारा थाट असतो. पण संगीत मात्र त्यांत नसतें. पट्ट्या आपल्या घरीं आणि भाता शेजाऱ्याकडे, अशा हार्मोनियमसारखी त्याची स्थिति. खुंटी सरकविली कीं तो लॅपटॉपला एक आंकडा कळवितो, इतकेंच. ही भाषा बहुधा १९८३ च्या ‘मिडी’ संकेताची असते. तींत एका आंकड्यानें ० ते १२७ अशा १२८ जागा दाखवितां येतात. अधिक बारकाई हवी तेथें दोन आंकडे जोडून त्या १६,३८४ होतात. गीत वाचणें, त्याची गति बदलणें, सूर न बदलतां तें ताणणें, हें सारें लॅपटॉपमधील प्रोग्रॅम करतो. लॅपटॉप थांबला कीं कंट्रोलर म्हणजे निव्वळ बटनांची फळी.

आणि लॅपटॉप थांबतो. तो कां थांबतो, हें समजून घेण्याजोगें आहे. संगणकांत ध्वनि सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या रूपानें असतो, आणि तो लहान लहान हप्त्यांनीं बाहेर पाठविला जातो. २५६ नमुन्यांचा हप्ता सुमारें ५.८ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्यांत पुढचा तयार हवा. पंगतींत पान रिकामें होण्यापूर्वीं वाढप्यानें आलेंच पाहिजे. मागाहून त्यानें दुप्पट वाढलें तरी व्यर्थ. हप्ता चुकला कीं कानाला तडतड ऐकूं येते, किंवा क्षणभर शांतता पसरते. लॅपटॉपचा प्रोसेसर दुर्बळ असतो असें नाहीं. तो अनेक धन्यांचा चाकर असतो. समारंभ ऐन रंगांत आला असतां त्याला स्वतःची नवी आवृत्ति उतरवून घेण्याची आठवण होते, बिनतारी जाळें हुडकण्याची हुक्की येते, किंवा तापल्यामुळें तो आपला वेग आपणच उतरवितो. उपाय म्हणून हप्ता १,०२४ नमुन्यांचा केला तर सुमारें २३ मिलिसेकंदांची सवड मिळते; परंतु तेवढाच उशीर हात आणि आवाज यांच्यामध्यें येतो, व चकती पुढेंमागें घुमविणाऱ्याच्या बोटांना तो तत्काळ जाणवतो.

म्हणून लॅपटॉप वगळून सर्व काम एकाच पेटींत करणारीं यंत्रें निघालीं. पायोनियरचें ‘सीडीजे-२०००’ २००९ सालीं पेन-ड्राइव्हवरील गीतें वाजवूं लागलें. त्याच कंपनीच्या २०१५ मधील ‘एक्सडीजे-आरएक्स’मध्यें दोन वादक आणि मिश्रक एकत्र आले. डेनॉनच्या २०१९ मधील ‘प्राइम ४’नें चार गीतांची सोय केली, आणि नव्या गीताची लय मोजण्याचें कामहि पेटींतच होऊं लागलें. पेटी उघडून पाहिली तर आंत पुन्हा संगणकच असतो. डेनॉनची प्रणाली तर लिनक्सवरच उभारलेली आहे. फरक एवढाच कीं, या संगणकाला दुसरा धनी नाहीं.

पण ज्याच्या घरीं चांगला कंट्रोलर आधींच आहे, त्यानें काय करावें? खुंट्या शाबूत असतां केवळ मेंदू बदलण्यासाठीं सारें यंत्र नव्यानें विकत घेणें कोणत्याहि गृहस्थास खटकेल. त्याच्यासाठीं मधला मार्ग आहे. ‘रास्पबेरी पाय’सारखी तळहाताएवढी संगणक-पट्टी घ्यावी आणि तिच्यावर ‘मिक्स’ हा २००१ पासून वाढत आलेला मोफत प्रोग्रॅम बसवावा. कित्येक कंट्रोलरांच्या आंकड्यांचा अर्थ त्याला ठाऊक असतो. लिनक्सच्या गाभ्यांत वक्तशीरपणा आणण्याचें काम सुमारें वीस वर्षें निराळें चाललें होतें. २०२४ च्या ६.१२ या आवृत्तींत तें मूळ गाभ्यांतच सामील झालें, हाहि या हौशी लोकांचा लाभच. अडचणी मात्र आहेत. कांहीं कंट्रोलर कारखानदाराच्याच खास प्रोग्रॅमवांचून बोलत नाहींत. तेव्हां आपला कंट्रोलर लिनक्सशीं बोलतो कीं नाहीं, हें खर्च करण्यापूर्वीं पाहावें. ‘रास्पबेरी पाय ४’ आपल्या सर्व यूएसबी खांचांना मिळून १.२ अँपिअरच वीज देतें. दिव्यांनीं लखलखणाऱ्या कंट्रोलरला ती अपुरी पडूं शकते, म्हणून त्याला स्वतंत्र वीज द्यावी. एखादी सायंकाळ खर्चून हें सारें जुळविणाऱ्यासच हा मार्ग लाभेल. ज्याला उद्यां लग्नांत वाजवावयाचें आहे, त्यानें तयार पेटीच घेतलेली बरी.

तयार पेटीच्या मालकानेंहि लॅपटॉप अगदींच अडगळींत टाकूं नये. गीतांची निवड, नांवनिशी आणि खुणा हें काम घरीं त्याच्यावरच सोयीचें होतें. शिवाय प्रत्येक कंपनीची सूची निराळी. एकीचा पेन-ड्राइव्ह दुसरीच्या यंत्रांत खुणांसह वाचला जाईलच असें नाहीं. इतकेंच काय, २०२३ मध्यें आलेलें ‘ओपस-क्वाड’ नव्या पद्धतीची सूची मागूं लागलें, आणि एकाच कंपनीचीं जुनींनवीं यंत्रें वापरणारांस दोनहि सूच्या बाळगाव्या लागल्या. पेन-ड्राइव्हहि दोन असावेत, आणि तीं दोन्ही एकाच खिशांत नसावींत.

एका बाबतींत लॅपटॉप अजून वरचढ आहे. वीज क्षणभर चमकून गेली तरी त्याची बॅटरी त्याला जागा ठेवते. ध्वनिवर्धक लगेच शुद्धीवर येतात. पण बॅटरी नसलेली पेटी पुन्हा पहिल्यापासून उठते, आणि तेवढा वेळ सारें सभागृह डीजेकडे पाहत असतें. डेनॉनच्या २०२० मधील ‘प्राइम गो’ या लहान यंत्रांत बॅटरी बसविली आहे. इतर पेट्यांसाठीं मेजाखालीं एक छोटा यूपीएस ठेवावा लागतो.