लाभपंचमी, ज्ञानपंचमी आणि गावचे वाचनालय

कार्तिक शुद्ध पंचमीला आपल्या घरांत दोन नावे आहेत. पेढीवर ती लाभपंचमी. दिवाळीच्या वहीपूजनानंतर मिटलेली दुकाने त्या दिवशी उघडतात आणि नव्या वहीत पहिला सौदा लिहिला जातो. श्वेतांबर परंपरेत हीच तिथी ज्ञानपंचमी. पाटावर ग्रंथ मांडले जातात, मुले त्यांच्याशेजारी वही-लेखणी ठेवतात आणि वर्षभरात हातून झालेल्या ज्ञानाच्या आशातनेची क्षमा मागितली जाते. दिगंबर बांधवांची श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला येते. आचार्य धरसेनांकडून लाभलेले श्रुत पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनिवरांनी षट्खंडागमाच्या रूपाने ग्रंथबद्ध केले, त्याचे ते स्मरण.

या दोन तिथी पंचांगात शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. एक पावसाळ्याच्या तोंडाशी आहे, दुसरी पावसाळा सरल्यावर. जैसलमेर आणि पाटण येथील भांडारांत शेकडो वर्षांची ताडपत्रे आजवर टिकली ती केवळ पूजेने नव्हे. पोथी सोडून वारा द्यायचा, पाने तपासायची, ओल लागली असेल तर वेष्टन बदलायचे, पुन्हा घट्ट बांधायचे आणि पेटीत वेखंडाची पुरचुंडी ठेवायची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. कीड मारायची नाही, ती येणारच नाही अशी व्यवस्था करायची, हा यातला विचार अहिंसेला धरून तर आहेच, आणि आजचे जतनशास्त्रही प्रतिबंधालाच पहिले स्थान देते. पूजा आणि निगा ही आपल्या पूर्वजांच्या लेखी एकच क्रिया होती.

हे सारे मांडण्याचे कारण चार लोखंडी कपाटे.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. आजोबांच्या स्मरणार्थ आमच्या कुटुंबाने त्याला चार कपाटे भेट दिली, त्यास आता दहा-बारा वर्षे झाली. छोटा समारंभ झाला, नारळ फुटला, कपाटांवर आजोबांच्या नावाची पाटी लागली, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. त्यानंतर आमच्यापैकी कोणीही त्या वास्तूत पाऊल टाकले नाही. गेल्या वर्षी एका कामासाठी तिकडे जाणे झाले तेव्हा चारपैकी दोन कपाटे कुलूपबंद होती आणि त्यांच्या किल्ल्या सापडत नव्हत्या. कुलुपे तोडावी लागली. भिंतीची ओल मागच्या पत्र्याला लागून आत शिरली होती. खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तके एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. आजोबांच्या नावाची पितळी पाटी मात्र लख्ख होती.

घरी आल्यावर वडील एवढेच म्हणाले, “ही आशातना आपल्या नावावर लिहा.”

आपल्या समाजाने वाचनालयांना कमी दिले असे कोणी म्हणणार नाही. सोलापूरचे १८५३ पासूनचे जुने वाचनालय आज हिराचंद नेमचंद यांच्या नावाने ओळखले जाते, आणि विदर्भातील कितीतरी वाचनालयांच्या देणगीदार फलकांवर आपली आडनावे आढळतात. प्रश्न देण्याचा नाही, दिल्यानंतरचा आहे. त्यासाठी वाचनालय चालते कसे, हे थोडे समजून घ्यावे लागेल.

पुष्कळांची समजूत अशी असते की सार्वजनिक वाचनालय म्हणजे सरकारी कचेरी. महाराष्ट्रात वस्तुस्थिती निराळी आहे. काही राज्यांनी ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसवला, आपल्याकडे तो नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने राज्य ग्रंथालय संचालनालयाची यंत्रणा उभी केली, परंतु गावोगावची बहुसंख्य वाचनालये लोकांनी स्थापन केलेल्या नोंदणीकृत संस्थांचीच राहिली. शासन त्यांना अ, ब, क, ड असा वर्ग देते आणि वर्गाप्रमाणे अनुदान देते. पुस्तकांची संख्या, सभासद, वृत्तपत्रे-नियतकालिके, कामाचे तास आणि दप्तर यांवर हा वर्ग ठरतो. कार्यकारी मंडळ मात्र बिनपगारी असते. म्हणजे स्वयंसेवा ही आपल्याकडच्या वाचनालयाला जोडलेली शोभेची गोष्ट नाही, संस्था उभीच तिच्यावर आहे.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब पाहू. ड वर्गाच्या वाचनालयाचे अनुदान कित्येक वर्षे वर्षाला ३०,००० रुपये होते. २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली, त्या हिशेबाने ते तेव्हा ४८,००० रुपये झाले. महिन्याला ४,००० रुपये. त्यातील निम्मा भाग वेतनाचा धरला तर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला २,००० रुपये पडत, आणि उरलेल्या २,००० मध्ये पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज आणि झाडलोट. आपल्यापैकी कोणी एवढ्या पगारात दुकानावर मुनीम ठेवू शकेल काय? तरीही कोणीतरी सकाळी येऊन कुलूप उघडते, वर्तमानपत्रे काठीला लावते आणि म्हाताऱ्या वाचकाला चश्मा विसरल्याबद्दल हसून टोकते.

ज्या वाचनालयाचे दप्तर अपुरे राहते, त्याच्या वर्गावर गंडांतर येते. वर्ग उतरला की अनुदान उतरते, अनुदान उतरले की पुस्तके आणि माणूस दोन्ही जातात. माझ्या पाहण्यात वाळवीपेक्षा अपूर्ण लेखापरीक्षणाने आणि धर्मादाय कार्यालयात अडकलेल्या फेरफार अर्जांनी वाचनालये अधिक जेरीस आली आहेत. साठ्याची मोजदाद, आवक-जावक नोंद, ताळेबंद, विश्वस्तांची कागदपत्रे ही कामे आपल्या घरातली पोरे झोपेतही करतील. वाचनालयाच्या दाखलनोंद वहीत आणि आपल्या स्टॉक रजिस्टरमध्ये तत्त्वाचा फरक नाही.

वऱ्हाडात या प्रकारच्या कामाला मोठी परंपरा आहे. यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणारी नॅरोगेज ‘शकुंतला’ वृद्धांना आठवत असेल. कापसासाठी टाकलेल्या त्या रुळांवर दारव्ह्याच्या पुढे कारंजा लागे. कारंज्याच्या जैन मंदिरांतील शास्त्रभांडारांत अपभ्रंश आणि प्राकृतातील दुर्मीळ हस्तलिखिते होती. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची जी सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यामुळे अभ्यासकांचे लक्ष त्यांकडे वळले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन (या दोन हिरालालांत पुष्कळांची गल्लत होते) यांनी त्यांतील ग्रंथ संपादून छापले. धवला टीकेसह षट्खंडागमाचा पहिला खंड त्यांच्याच संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला, आणि एकूण १६ खंडांत ते कार्य पुरे झाले. पैसा भेलसा, म्हणजे आजच्या विदिशा येथील श्रीमंत शेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांचा. वर्षानुवर्षे पाठ जुळवण्याचे श्रम प्राध्यापकांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. शास्त्र छापू नये असे मानणारा मोठा वर्ग त्या काळी समाजात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे भांडारातला ग्रंथ कोणाही वाचकाच्या हाती देण्याचे मोल कळते. शेठजींनी नुसती देणगी दिली असती आणि कोणी बसून पाठ जुळवले नसते, तर आमच्या कपाटांसारखीच तिची गत झाली असती.

जिल्ह्याचे अगदी अलीकडचे उदाहरणही वाचनालयाचेच आहे. ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात यवतमाळ येथे भरले. गदिमांच्या अध्यक्षतेखालील १९७३ च्या संमेलनानंतर हा मान या गावाला पुन्हा मिळाला. यजमान संस्था होती डॉ. वि. भि. कोलते संशोधन केंद्र व वाचनालय. महानुभाव वाङ्मयाचे थोर संशोधक आणि ‘लीळाचरित्रा’चे संपादक यांच्या नावाच्या संस्थेने सबंध महाराष्ट्राचे आतिथ्य अंगावर घेतले. उद्घाटक म्हणून निमंत्रित केलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण ऐन वेळी मागे घेतले गेले, आणि तो प्रकार कोणालाच भूषणावह नव्हता. अध्यक्षा डॉ. अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच त्याबद्दल नापसंती व्यक्त केली. उद्घाटन झाले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते. पतीने आत्महत्या केलेल्या एका शेतकरी कुटुंबातील त्या भगिनी. कापसाच्या भावावर ज्यांची घरे चालतात त्या आम्हा व्यापाऱ्यांना, त्याच कापसाने ज्यांची घरे मोडली त्यांचे बोलणे अशा मांडवात ऐकावे लागणे, हे या जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासात पुसता न येणारे पान आहे.

संमेलन तीन दिवसांचे असते. उरलेल्या दिवसांत गावच्या वाचनालयात कोण येते? आमच्याकडे सकाळी निवृत्त शिक्षक, दुपारी बाजाराला आलेली खेड्यातली माणसे आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षेची मुले. ही मुले बहुतांशी कोरडवाहू शेतकऱ्यांची. घरी एकच खोली, म्हणून ती इथे पोलीस भरतीचा अभ्यास करतात. आपल्या आडतीवर ज्यांचे वडील गाडी घेऊन येतात त्यांची ही मुले, आणि तरीही आपली-त्यांची भेट फक्त काट्यापाशी होते.

कपाटे उघडल्यानंतर आम्ही आठ-दहा कुटुंबांनी ठरवले की पैसे नंतर, आधी तास. प्रत्येक घरातून आठवड्याला एका माणसाचे दोन तास. सुरुवातीलाच अडचण आली ती खरी होती, बहाण्याची नव्हती. ज्ञानपंचमीला कापसाची आवक सुरू होते आणि श्रुतपंचमीच्या सुमारास बी-खतांच्या दुकानावर श्वास घ्यायला फुरसत नसते. नेमक्या पुस्तकांना वारा द्यायच्या दोन्ही वेळा आपल्या धांदलीच्या. मार्ग काढला तो घरातल्या स्त्रियांनी. “तुम्ही पेढी सांभाळा, पोथ्या आम्ही सांभाळतो,” असे माझ्या काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सहाजणी जुने सुती कापड आणि वेखंड घेऊन हजर झाल्या. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, खालचा कप्पा मोकळा ठेवला, पुस्तके सावलीत पसरली. विटा झालेल्या पुस्तकांपैकी थोडीच वाचली.

शनिवारी दुपारी बालविभागात गोष्टींचे वाचन सुरू झाले. आपली इंग्रजी शाळेतली मुले मराठी अडखळत वाचतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुले त्यांना बिनदिक्कत सुधारतात. पहिल्या शनिवारी आमच्या नातवाला ते फार लागले. तिसऱ्या शनिवारी तोच आधी जाऊन बसला. १२ ऑगस्ट हा डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिन, त्या दिवशी ग्रंथपाल ताईंना बसवून सभासदांनी दिवसभर देवघेव सांभाळली. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांना आता पाहुण्यांच्या भाषणाऐवजी वाचकच आपल्या आवडीच्या पुस्तकावर बोलतात. त्यातली काही बोलणी कंटाळवाणी होतात, हे कबूल.

पुस्तके दान करणाऱ्यांसाठी एक विनंती. घर झाडताना निघालेली जुनी क्रमिक पुस्तके, लग्नपत्रिकांचे गठ्ठे आणि एकाच प्रवचनसंग्रहाच्या पंधरा प्रती वाचनालयात आणून टाकणे हे ज्ञानदान नव्हे. आधी ग्रंथपालांना विचारावे की काय हवे आहे. उत्तर बहुधा नव्या वर्षाचे दिवाळी अंक, परीक्षेची चालू आवृत्ती आणि लहान मुलांची चित्रमय पुस्तके असे येते. अंक घरात वाचून झाले की डिसेंबरात पोचवले तरी वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेला ते उपयोगी पडतात.

दाखलनोंद वहीशी पुस्तके पडताळण्याचे काम सर्वांत लांबले. माझा पुतण्या क्रमांक वाचायचा, मी खूण करायचो, ताई कपाटातून काढून दाखवायच्या. न सापडलेल्या पुस्तकांची यादी वाढत गेली तशी माझी चिडचिड वाढली. लोकांना पुस्तक परत करण्याची शिस्त नाही, असे मी दोन-तीनदा बोलूनही दाखवले. ताई काही बोलल्या नाहीत.

पर्युषणापूर्वी घरची माळ्यावरची पेटी काढली तेव्हा आजीच्या जपमाळेच्या डबीखाली एक कादंबरी निघाली. पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का, मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीची तारीख, साल १९८६. क्रमांक यादीत होता. दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन गेलो आणि विलंब शुल्क किती होते ते काढायला सांगितले. ताईंनी जुना दर पाहिला, कागदावर आकडेमोड केली, मग कागद बाजूला सारून म्हणाल्या, “शेठजी, पुस्तक जमा करून घेते. शुल्काचे राहू द्या, त्याऐवजी पुढच्या गुरुवारी दोन तास जास्त बसा. अजून ‘क’पासून पुढची सगळी पडताळणी बाकी आहे.”