हुकूम, होकार आणि हातोडा
लेखमाला : कामाची जागा – भाग सातवा

कामाच्या ठिकाणी सांगितलेली गोष्ट नीट पोहोचली की नाही, हे सांगणाऱ्याला बहुधा काम बिघडल्यावरच कळते. कार्यालयात चार टेबले एका खोलीत असतात. चूक तासाभरात ध्यानात येते आणि निस्तरताही येते. सांगणारा आणि करणारा यांच्या मधे वीस-पंचवीस किलोमीटर जंगल असेल तर ही सोय उरत नाही. चुकून तोडलेले झाड परत उभे करता येत नाही. म्हणून कामाच्या संवादाचा विचार करताना गडचिरोली जिल्ह्यातले आलापल्ली डोळ्यांपुढे ठेवलेले बरे.

अहेरी तालुक्यातले हे गाव सागवानासाठी नावाजलेले. चंद्रपूर, सिरोंचा, एटापल्ली आणि भामरागडकडचे रस्ते येथे एकत्र येतात. वन विभागाचे कार्यालय येथे आहे, लाकडाचा डेपो आहे. जवळच्या ‘वनवैभव’ या जुन्या वनखंडाला 2014 साली राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून दर्जा मिळाला. येथे एखादा हुकूम निघतो तेव्हा तो उपवनसंरक्षकाकडून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, त्याच्याकडून क्षेत्रसहायकाकडे, मग वनरक्षकाकडे आणि शेवटी वनमजुराकडे जातो. या उतरंडीत भाषाही बदलत जाते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 नुसार कागद मराठीत असतो. ट्रकवाल्याशी हिंदीत बोलणे होते. सिरोंचा-अहेरीच्या बाजूला घरात तेलुगू चालते, मुलचेऱ्याकडे बंगाली, आणि भामरागड-एटापल्लीच्या डोंगराळ भागात माडिया. मराठीत लिहिलेला हुकूम माडियातून कानावर पडेपर्यंत त्यातले किती शिल्लक राहते, हा येथे रोजचा व्यावहारिक प्रश्न आहे.

याच कामात एक भाग असा आहे की, तेथे बोलण्यावर जवळजवळ काहीच सोपवलेले नाही. तोड ठरलेल्या वनखंडाला ‘कूप’ म्हणतात. कुपातले कोणते झाड पाडायचे हे तोंडी सांगत नाहीत. झाडावर क्रमांक टाकतात आणि सरकारी हातोड्याचा ठसा उमटवतात. खूण दोन जागी असते. एक छातीच्या उंचीवर, जमिनीपासून 1.37 मीटरवर, जेथे गोलाई मोजतात. दुसरी बुंध्याशी, अगदी जमिनीलगत. झाड पाडल्यावर वरची खूण खोडाबरोबर निघून जाते, खालची थुटावर राहते. तपासणीला आलेला अधिकारी थुट पाहतो. त्यावर ठसा आणि क्रमांक असेल तर तोड कायदेशीर. नसेल तर चोरीची. बोलायला तेथे कोणी हजर असण्याची गरज नाही.

पुढे एका झाडाचे चार-पाच लठ्ठे होतात. प्रत्येक लठ्ठ्याला स्वतःचा क्रमांक, लांबी आणि गोलाई मिळते आणि ती नोंदवहीत चढते. माल हलवायचा तर भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 41 खालच्या नियमांप्रमाणे वाहतूक परवाना लागतो. सगळे त्याला टीपीच म्हणतात. नाक्यावर टीपी आणि माल ताडून पाहतात. डेपोत माल उतरला की पुन्हा मोजणी होते, मग लांबी, गोलाई आणि प्रत पाहून लॉट लावतात आणि लिलाव पुकारतात. डेपोतल्या लठ्ठ्यापासून कागदांच्या आधाराने उलटे चालत गेले तर जंगलातल्या थुटापाशी पोहोचता यावे, अशी ही रचना आहे.

तिचे खरे बळ मात्र शिक्क्यात किंवा कागदात शोधू नये. माल हाती घेणारा माणूस दर टप्प्यावर आधीच्याच्या शब्दावर न विसंबता स्वतः मोजतो, आणि फरक पडला तर तो तेथल्या तेथे लिहून ठेवावा लागतो. अर्थात या पद्धतीला मर्यादाही आहे. नोंदवहीच्या रकान्यात लांबी बसते. लठ्ठा टोकाला का चिरला, झाड पडताना काय झाले, हे बसत नाही. त्यासाठी शेवटी माणसाशीच बोलावे लागते.

तोंडी हुकुमाची गंमत अशी की, तो देणाऱ्याला नेहमीच स्वच्छ वाटतो. वनरक्षक सांगतो, ‘नाल्याच्या पलीकडची झाडे सोडा.’ तो ज्या काठावर उभा आहे तेथून पलीकडची बाजू उघड दिसते. मजूर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाड्यावरून, दुसऱ्या वाटेने येतात. त्यांची पलीकडची बाजू नेमकी उलटी. वाक्यात व्याकरणाची चूक नाही, भाषेचाही अडथळा नाही, तरी काम उलटे होऊ शकते. ‘उगवतीकडची झाडे सोडा’ किंवा ‘मोहाच्या मोठ्या झाडाच्या बाजूची सोडा’ असे म्हटले तर सांगणारा कोठे उभा होता हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी अडचण होकाराची. ‘समजले का?’ या प्रश्नाला ‘हो साहेब’ हे उत्तर ठरलेले आहे. त्यात कधी समजले असते, कधी ऐकू आले एवढेच असते, कधी आपण तुमचा मान राखतो असा अर्थ असतो, आणि पुष्कळदा आता जाऊ द्या अशी विनवणी असते. रोजीवर आलेला माणूस चारचौघांत ‘नाही कळले’ म्हणायला धजत नाही. त्यात हुकूम परक्या भाषेतला असेल तर मुळीच नाही. याला अडाणीपणा म्हणणे चुकीचे आहे. शहरातल्या कंपनीच्या बैठकीतही सगळ्यांच्या माना डोलतात आणि बाहेर आल्यावर ‘नक्की करायचे काय?’ अशी कुजबुज सुरू होते.

होकार किती महाग पडू शकतो याचा जगाने पाहिलेला दाखला 27 मार्च 1977 चा आहे. स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग 747 विमाने एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे मेली. धावपट्टीच्या टोकाला असलेल्या डच विमानाने आपण आता उड्डाणावर आहोत अशा अर्थाचे संदिग्ध वाक्य उच्चारले, आणि नियंत्रकाच्या उत्तराची सुरुवात ‘ओके’ने झाली. त्यापुढची थांबण्याची सूचना त्याच क्षणी दुसऱ्या विमानाने बोलायला सुरुवात केल्याने खरखरीत हरवली. या अपघातानंतर विमान-संभाषणाची शिस्त कडक झाली. उड्डाणाचा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, आणि महत्त्वाची सूचना मिळाली की नुसते ‘ओके’ न म्हणता ती शब्दशः परत म्हणून दाखवायची.

जंगलात याची नक्कल करायला बिनतारी यंत्र लागत नाही. ‘समजले का?’ऐवजी ‘उद्या कोठून सुरुवात करणार?’ असे विचारले तरी पुरते. उत्तर माडियात आले आणि गटातल्या कोणी मराठीत सांगितले, तर आणखी चांगले. कारण मधल्या माणसाला काय समजले होते तेही त्यात उघडे पडते. यात दोन मिनिटे जातात. घाईत असलेल्या साहेबाला तीही जड वाटतात, आणि गाडे बहुतेक वेळा तेथेच अडते.

वणव्याच्या दिवसांत तर मिनिटांचाच हिशेब असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत पानगळीचे जंगल वाळून कडकडीत होते. मोहफुले वेचायला जमीन मोकळी व्हावी किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेली आग हाताबाहेर जाते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून अशा आगी टिपते आणि नोंदणी केलेल्या मोबाइलवर इशारा धाडते. त्यात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असतात. जेथल्या सीमांचे नकाशे संस्थेकडे आहेत तेथे परिक्षेत्र आणि कक्षापर्यंतचा पत्ताही मिळतो. एका उपग्रहावरच्या संवेदकाचा एक ठिपका सुमारे 375 मीटरचा, दुसऱ्याचा एक किलोमीटरचा. आग नेमकी कोणत्या झाडोऱ्यात आहे ते ठिपक्यावरून कळत नाही.

येथून खरे काम सुरू होते. उपग्रहाची भाषा अंशांची, कार्यालयाची कक्ष क्रमांकांची, आणि आग विझवायला जाणाऱ्या मजुराची नाल्यांची, टेकड्यांची, जुन्या झाडांची. कक्ष क्रमांक अमुक, एवढ्यावर मजूर कोठेही पोहोचत नाही. कोणत्या नाल्याच्या कोणत्या अंगाला धूर दिसतो हे त्याला सांगावे लागते, आणि हे भाषांतर वनरक्षकाच्या डोक्यात होते. तो नुकताच बदलून आलेला असेल तर अवकाशातून काही तासांत आलेली बातमी शेवटच्या दोन किलोमीटरवर अडकून बसते. मोबाइलला रेंज नसेल तर त्याच्याही आधी. चार्ज घेताना दप्तराबरोबर स्थानिक नावांची यादीही हाती आली तर यातली बरीच अडचण सरेल. ती यादी जुन्या मजुरांना विचारूनच होईल.

तेंदूच्या हंगामात घोटाळा मापाचा असतो. पाने तोडणारे कुटुंब फडीवर, म्हणजे पाने गोळा होण्याच्या जागी, सत्तर-सत्तर पानांची पुडकी मांडते आणि हिशेब शंभर पुडक्यांच्या भावात करते. व्यापारी आणि करारनामा बोलतात प्रमाण गोणीत, म्हणजे हजार पुडक्यांत. ग्रामसभांना अधिकार देणारे पेसा आणि वनहक्क हे कायदे आल्यानंतर अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या, तेव्हा भाव कशाचा हे ठराव लिहिताना पहिल्या ओळीत स्पष्ट करणे भाग झाले. फडमुन्शी आणि तोडणारा एकाच मापात बोलले की अर्धी भांडणे मिटतात.

माप ऐकणाऱ्याच्या हाताला बसेल असे घडवण्याचा उत्तम नमुना याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली सुरू केलेल्या ‘सर्च’ संस्थेपुढे बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. निदानाची खूण सोपी: श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्याचा 50 किंवा अधिक झाला की धोका. पण हे ज्यांनी ओळखायचे त्या गावातल्या दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांना अंक शिकवत बसण्याऐवजी संस्थेने मण्यांचे श्वासमापक बनवले. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि वयाप्रमाणे मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजणे पुरे. ‘त्यांना कळत नाही’ ही तक्रार येथे ‘आपल्याला सांगता येत नाही’ अशी वाचली गेली, आणि म्हणून उपाय निघाला.

त्याच संस्थेने दवाखाना बांधण्यापूर्वी आदिवासींना तो कसा हवा हे विचारले. उत्तर आले ते आपल्या घरांसारखा, आणि नाव देवीचे. शोधग्राममधला माँ दंतेश्वरी दवाखाना त्यातून उभा राहिला. खालून वर जाणारा हा संवाद कामाच्या ठिकाणी सर्वांत दुर्मीळ असतो. हुकुमाला उतरायला ठरलेली वाट असते, बातमीला चढायला बहुधा नसते.

वन विभागाला अशा चढत्या वाटेची गरज अलीकडे फार जाणवली. 2021 साली छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीच्या उत्तर भागात उतरला. पिढ्यान् पिढ्या या गावांनी रानहत्ती पाहिलेला नव्हता. कळप रात्री कोणाच्या धानात शिरला हे सर्वांत आधी त्या शेतकऱ्याला कळते, वनरक्षकाला त्यानंतर आणि कार्यालयाला सगळ्यांत शेवटी. अशा वेळी इशारा वरून खाली धाडायचा तर त्याआधी खबर खालून वर यायला हवी. ती येण्यासाठी फोन उचलणारा माणूस रात्री दोन वाजताही जागेवर असावा लागतो. नुकसानीची खबर देणाऱ्याला ‘पंचनाम्याला उद्या या’ असे ऐकावे लागले, तर पुढच्या खेपेला तो फोन करीत नाही. मग गावोगाव दवंडी पिटली तरी तिच्यात सांगायची बातमी आदल्या दिवसाची असते.