नकाशातली रेघ म्हणजे वादळ नव्हे



वादळाची बातमी आली की ग्रुपवर पहिला येतो तो नकाशा. मधोमध एक रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे रुंद होत गेलेला पट्टा. लगेच कुणीतरी लिहितं, "रेघ आपल्याकडे नाय, चिंता नको." इथेच आपण फसतो.

जून २०२० चं 'निसर्ग' आठवा. हवामान खात्याचा अंदाज होता, हरिहरेश्वर ते दमणच्या दरम्यान, अलिबागजवळ धडकेल. म्हणजे अडीचशे किलोमीटरहून लांब किनारा! दमण त्याच्या वरच्या टोकाला, आणि तिथून आपलं सिल्वासा ते किती लांब? ३ जूनला वादळ अलिबागच्या दक्षिणेला आलं, दमण बचावलं. अंदाज चुकला नव्हता. वादळाचं केंद्र त्या पट्ट्यात कुठूनही जाऊ शकतं, एवढंच तो पट्टा सांगतो.

पट्टा म्हणजे वादळाची रुंदीही नव्हे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' दीव-उना भागात किनाऱ्याला लागलं. मुंबईवरून रेघ गेलीच नाही, तरी कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरच्या वर झोत आले.

म्हणून बातमीतला नकाशा पाहताना एवढं करा:

१. फॉरवर्ड आलेला फोटो शिळा असतो. मूळ बातमी उघडा, नकाशावर बोट ठेवा, वेळ वाचा. 'यूटीसी' लिहिलं असेल तर साडेपाच तास मिळवा. १२ यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच.

२. वारा नॉटमध्ये की किलोमीटरमध्ये, ते बघा. ५० नॉट म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या वर. नुसत्या रंगावर जाऊ नका, बाजूची रंगांची पट्टी वाचा.

३. मधुबन धरणात आणि दमणगंगेत जाळी टाकणाऱ्यांनी पावसाचा नकाशाही उघडावा. वाऱ्याच्या नकाशात पाऊस दिसत नाही. वर नाशिककडच्या डोंगरात पाऊस कोसळला की धरण भरतं, दरवाजे उघडले की खाली लोंढा येतो. इथे ऊन असलं तरी.

नकाशा तयारीसाठी आहे: जाळी आवरायला, बोट वर घ्यायला, दर्यात असलेल्या माणसाला फोन करायला. बोट सोडायची की नाही, ते मात्र हवामान खात्याचा ताजा इशारा आणि बंदरावरचा बावटा बघूनच ठरवा. बावटा लागला असेल तर नकाशा कितीही कोरा दिसो, बोट काठालाच राहू द्या.

घरातल्या पोरांना सांगा, आजोबांना हा नकाशा एकदा उघडून दाखवा.