रुग्णांच्या रक्तातून सापडलेली कात्री

जनुक म्हणजे डीएनएवरचा एक सलग मजकूर, त्याची आरएनएमध्ये नक्कल होते आणि ती वाचून रायबोसोम प्रथिन तयार करतं, असं १९७७पर्यंत सगळेच धरून चालले होते. त्या वर्षी अमेरिकेत फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी अ‍ॅडेनोव्हायरस या विषाणूचा आरएनए त्याच्याच डीएनएशी जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. डीएनएच्या मोठमोठ्या भागांना आरएनएत जोडीदारच नव्हता. ते भाग वेटोळं होऊन बाहेर आले होते.

पेशी आधी जनुकाची पूर्ण लांबीची नक्कल काढते. मग सिनेमाचा संकलक फिल्मचे नको असलेले तुकडे कापून बाकीचे चिकटवतो, तसे त्यातले ‘इंट्रॉन’ काढून टाकते आणि ‘एक्झॉन’ जोडते. याला स्प्लायसिंग म्हणतात. कापताना एका अक्षराची जरी चूक झाली, तरी पुढचा सगळा मजकूर बिघडू शकतो. मग इतकं अचूक कापतं कोण?

उत्तराचा धागा सापडला येल विद्यापीठात, जोन स्टाइट्स यांना. १९४१ साली मिनिआपोलिसमध्ये जन्मलेल्या स्टाइट्स हार्वर्डमध्ये संशोधनासाठी मार्गदर्शक शोधत होत्या, तेव्हा एका प्राध्यापकाने, लग्न झाल्यावर पीएचडीचा काय उपयोग, असं विचारून त्यांना परत पाठवलं. पुढे जेम्स वॉटसन यांनी त्यांना घेतलं. वॉटसन यांच्या प्रयोगशाळेतल्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. नंतर केंब्रिजमध्ये त्यांनी एक किचकट प्रश्न हाती घेतला. आरएनएच्या लांबलचक साखळीवर रायबोसोम वाचायला नेमकी कुठून सुरुवात करतं? १९६९ साली त्यांनी जीवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूच्या आरएनएवर त्या जागा दाखवून दिल्या.

येलमधली गोष्ट मात्र मला त्याहूनही विलक्षण वाटते. ल्युपस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. रुग्णाच्या रक्तात पेशीच्या केंद्रकातल्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ही प्रतिपिंडं नेमकं काय पकडतात, हे पाहायला स्टाइट्स आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल लर्नर यांनी रुग्णांच्या रक्ताचा सीरम वापरला. प्रतिपिंडांच्या तावडीत सापडले ते आखूड आरएनए आणि प्रथिनं मिळून बनलेले छोटे कण. १९७९ साली हे प्रसिद्ध झालं. या कणांना प्रयोगशाळेत ‘स्नर्प’ असं लाडकं नाव पडलं.

पुढच्याच वर्षी खरा उलगडा झाला. यू१ नावाच्या कणातल्या आरएनएचं टोक आणि इंट्रॉनच्या सुरुवातीची अक्षरं एकमेकांशी जोडी जमवणारी निघाली. कुठे कापायचं ते आरएनएच आरएनएला दाखवतो, असा त्याचा अर्थ. स्टाइट्स यांच्या गटाने ही कल्पना १९८० साली मांडली आणि पुढच्या प्रयोगांनी ती खरी ठरली. शार्प आणि रॉबर्ट्स यांना १९९३ साली नोबेल मिळालं. स्टाइट्स यांचा लास्कर-कोशलँड पुरस्काराने गौरव व्हायला २०१८ साल उजाडलं. फार उशीर झाला.

रुग्णांच्या रक्ताने दिलेलं हे ज्ञान पुन्हा रुग्णांकडे गेलं. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आजारात ज्या प्रथिनाची कमतरता असते, ते स्नर्प कणांच्या बांधणीत मदत करतं. त्या प्रथिनाचं एक राखीव जनुक आपल्याकडे असतं, पण स्प्लायसिंगमध्ये त्याचा सातवा एक्झॉन बहुतेक वेळा वगळला जातो. तो वगळला जाऊ नये म्हणून तयार केलेलं न्यूसिनरसेन हे औषध अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालं. कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या एड्रियन क्रेनर यांचं संशोधन त्यामागे होतं.

आणि हा विषय आपल्या घरापर्यंत येतो. भारतात बीटा थॅलेसेमियाला सर्वाधिक कारणीभूत ठरणारा जनुकीय बदल स्प्लायसिंगमधलाच आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात पहिल्या इंट्रॉनचं पाचवं अक्षर ‘जी’ऐवजी ‘सी’ होतं आणि यू१ कणाची पकड सैल पडते. बहुतेक नकला चुकीच्या जागी कापल्या जातात आणि पुरेसं हिमोग्लोबिन बनत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून लग्न ठरवताना, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला तरी, दोघांनीही रक्ताची एचबीए२ तपासणी करून घ्यावी.